शस्त्रावरची खूण कोणाची?

८ ऑक्टोबर २०१९ रोजी दसरा आणि वायुसेना दिन एकाच दिवशी आले होते. त्या दिवशी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या मेरिन्याक येथे भारताला पहिले राफेल विमान मिळाले. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विमानावर कुंकवाने ॐ रेखला, फुले आणि नारळ वाहिला, चाकांखाली लिंबे ठेवली. महाराष्ट्र आणि हरियाणा विधानसभांचे मतदान तेरा दिवसांवर आले होते. मल्लिकार्जुन खर्गे यांनी या सोहळ्याला ‘तमाशा’ म्हटले. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की शस्त्रपूजन ही आपली परंपरा आहे, तिची लाज कशाला? पुढे लिंबावर विनोद झाले, विनोदांवर रोष झाला आणि वाद तिथेच विरला.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती. खूण कोणत्या धर्माची आहे, एवढे कळले की प्रश्न सुटतो, असे दोघेही मानत होते. शस्त्रांवरच्या जुन्या लेखांचा आणि चिन्हांचा माग काढताना मला वेगळे दिसत गेले. खुणेचा धर्म ओळखणे सोपे असते. ती कोणी केली, शस्त्र कोणाचे होते आणि ती कोणी वाचावी म्हणून केली, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. कोणत्याही शस्त्राला तीन हात लागतात: घडवणाऱ्याचा, धरणाऱ्याचा आणि मालकाचा. तिघेही आपापली खूण ठेवतात. वाद बहुधा एकाची खूण दुसऱ्याच्या नावावर खपवली जाते तेव्हा पेटतो.

घडवणाऱ्याच्या खुणेचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे आहे. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईत उतरला. त्या दौऱ्यात कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांकडून त्याला एक जुनी तलवार भेट गेली. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. शिवाजी महाराजांशी संबंधित म्हणून तिची नोंद झाली आणि आपल्याकडचे अभ्यासक तिला ‘जगदंबा’ म्हणून ओळखतात. जुन्या सूचीत तिचे वर्णन सरळ, एकधारी पाते असे आहे आणि त्या पात्याच्या खोबणीत ‘आय एच एस’ ही अक्षरे तीनदा ठोकलेली आहेत. ही ग्रीक लिपीतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे. युरोपातल्या पात्यांवर ती सर्रास आढळतात.

देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारीच्या पात्यावर येशूचे नाव आहे, हे ऐकून काहींना धक्का बसतो, काहींना गंमत वाटते. त्या काळाच्या दृष्टीने यात दोन्हीला जागा नाही. युरोपी पोलाद लवचीक आणि टिकाऊ, म्हणून पाती समुद्रावरून येत आणि त्यांना इथल्या घडणीची मूठ बसे. अशा तलवारीला नावच ‘फिरंग’ पडले. नागपूरकर रघुजी भोसल्यांची म्हणून जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात विकत घेऊन मुंबईला आणली, तिचेही पाते युरोपी धाटणीचे आहे आणि तिच्यावरच्या देवनागरी लेखात भोसल्यांच्या नावाबरोबर ‘फिरंग’ हा शब्दही सोन्याने लिहिलेला आहे. तलवार परकी आहे हे लपवण्याची गरज तिच्या धन्याला वाटली नाही. त्याने आपले नाव घातले आणि तिच्या जातीचेही नाव ठेवले.

कोल्हापूरच्या तलवारीवरची अक्षरेही कोणी कानस लावून घासली नाहीत. ती लोहाराची मोहोर होती, मालाची खात्री देणारी. धरणाऱ्याची श्रद्धा मुठीच्या बाजूला होती. १९८० नंतर मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची मोहीम काढली, तेव्हा कोकणातला एक मुसलमान मुख्यमंत्री देवीच्या नावाची तलवार मागत होता. त्यात कोणाला विसंगती वाटली असेल, तर ती वाटणाऱ्याची. मागणाऱ्याच्या दृष्टीने ती मराठी माणसाची वस्तू होती.

मालकाची खूण वेगळी असते. विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ साली, तेव्हाच्या अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी याने ओतली. तिचे तोंड सिंहाच्या जबड्याचे असून त्या जबड्यात हत्ती चिरडलेला आहे. तिच्यावरचा निजामशाहाचा लेख त्याला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. बुऱ्हाण निजामशाहाने शिया पंथ स्वीकारला होता आणि दख्खनच्या राजकारणात त्या शब्दांना वजन होते. पुढे तोफ आदिलशाहीकडे गेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला. औरंगजेब कट्टर सुन्नी, तरीही शिया राजाचा लेख त्याने खरवडून काढला नाही. त्याच्या शेजारी आपला लेख घातला. धर्म दोघांच्याही लेखात आहे, पण दोघांनाही सांगायचे होते ते एवढेच, की तोफ आता माझी आहे. सुलतानाची तोफ सुलतानाची खाजगी मालमत्ता असे. तिच्यावर काय कोरायचे हे तो ठरवी, आणि ओतणाऱ्याने किंवा बत्ती देणाऱ्याने त्यावर मत द्यायचा प्रश्नच नव्हता.

लोकशाहीत अडचण इथून सुरू होते, कारण तोफेचा मालक बदललेला आहे. अमेरिकेतले एक प्रकरण या बाबतीत उद्बोधक आहे. जानेवारी २०१० मध्ये उघड झाले की ट्रिजिकॉन या मिशिगनमधील कंपनीच्या बंदुकांवरच्या दुर्बिणींवर, अनुक्रमांकाच्या शेवटी, बायबलमधील वचनांचे संदर्भ बारीक अक्षरांत घातलेले आहेत. वचन नव्हते, फक्त ग्रंथाचे आद्याक्षर, अध्याय आणि ओवीचा क्रमांक. माहिती नसलेल्याला तो अनुक्रमांकाचाच भाग वाटावा. या दुर्बिणी इराक आणि अफगाणिस्तानात वापरात होत्या. तिथल्या अमेरिकी सैनिकांना धर्मप्रसाराची स्पष्ट मनाई होती. ब्रिटन आणि न्यूझीलंडच्या सैन्यांनीही त्या घेतल्या होत्या. गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने ही पद्धत थांबवली आणि असलेली अक्षरे काढण्याचे साहित्य पुरवण्याचे मान्य केले.

वरवर पाहता हे कोल्हापूरच्या तलवारीसारखेच वाटते: येशूचे नाव, घडवणाऱ्याने घातलेले. फरक दोन आहेत. लोहाराची मोहोर उघड होती, सगळा बाजार ती ओळखत होता. इथे खूण लपवलेली होती. आणि तलवारीचा धनी एक माणूस होता, दुर्बिणीचे धनी करोडो करदाते, ज्यांत मुसलमान होते, ज्यू होते, देव न मानणारेही होते. ज्या मुसलमान अमेरिकी सैनिकाच्या हातात ती बंदूक होती, त्याला त्याच्याच नकळत दुसऱ्याच्या धर्माचे वचन वाहून न्यावे लागत होते. घडवणाऱ्याने मालकाच्या वस्तूवर मालकाला न विचारता लिहिले, हा तिथला खरा दोष.

आता धरणाऱ्याच्या खुणेकडे येतो. मी गोवंडीत राहतो आणि शस्त्रपूजेचा अर्थ मला ग्रंथांपेक्षा इथल्या रस्त्यांवर जास्त कळला. शिवाजीनगर, बैंगनवाडी, देवनार या पट्ट्यातल्या रिक्षांच्या काचा पाहाव्यात. कुठे ७८६, कुठे जय भीम, कुठे आई एकवीरेची कृपा, कुठे वेलंकनी माता. खंडेनवमी-दसऱ्याला गॅरेजमधले पाने, जॅक, कॉम्प्रेसर पुसून मांडले जातात आणि त्यांच्यावर झेंडू पडतो. काही ठिकाणी गॅरेजचा मालक मुसलमान असतो आणि फुले कामावरची मुले आणतात. तो अडवत नाही, उलट पेढ्यांचे पैसे देतो. हत्यार पोट भरते आणि बोटही तोडते. त्याच्याशी रोज हातघाई करणाऱ्याला त्याला एकदा हात जोडावेसे वाटले, तर त्यात मला अंधश्रद्धेआधी कष्टाची जाण दिसते. ट्रकच्या चाकाखालचे लिंबू ज्याचा जीव त्या ट्रकवर आहे त्याने ठेवलेले असते.

म्हणून राफेलच्या लिंबांची टिंगल मला फोल वाटली. ती करणाऱ्यांनी ट्रकवाल्याला आणि मंत्र्याला एकाच मापाने मोजले. पण परंपरेचा दाखला देणाऱ्यांनीही तीच गल्लत केली. खंडेनवमीची पूजा हत्यार चालवणाऱ्याची असते. मेरिन्याकला विमान चालवणाऱ्याने नव्हे, मालकाच्या मुखत्याराने पूजा केली. मुखत्याराने मालकाच्या वतीने खूण करताना मालक कोण आहे हे विसरून चालत नाही.

आपल्या सैन्याला हा भेद कळत नाही असे नाही. पलटणींच्या युद्धघोषणांत रामचंद्र आहे, कालिका आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या घोषणेत छत्रपती शिवाजी महाराज आहेत. या धरणाऱ्यांच्या खुणा आहेत, शेजारी लढणाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या हाका. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची घोषणा मात्र ‘बोलो हिंदुस्थान की जय’ अशी आहे, तीत कोणताही देव नाही. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा जयस्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी खंजीर आला. स्तंभ धार्मिक चिन्ह नव्हे, पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो कोणत्याही देवळाइतकाच पूज्य होता आणि आहे. धरणाऱ्यांची ती खूण मालकाच्या नव्या दृष्टीत बसली नाही. त्या बदलाची चर्चा आपल्याकडे राफेलच्या लिंबांच्या शतांशानेही झालेली नाही.

नौदलाच्या निशाणाची गोष्ट याच्या उलट आहे. १९५० मध्ये ब्रिटिश झेंड्याची जागा तिरंग्याने घेतली, पण सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस राहिला. २००१ मध्ये तो काढला. नवे निळे चिन्ह आकाश आणि समुद्राच्या रंगात मिसळून दिसेनासे होते, म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला, या वेळी मध्यभागी सिंहमुद्रा घेऊन. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला तो पुन्हा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. इतकी वर्षे तो क्रूस फडकला, पण त्याच्यावर आक्षेप आला तो गुलामीची खूण म्हणून, ख्रिस्ती खूण म्हणून क्वचितच. त्याच अष्टकोनाच्या आत नौदलाचे जुने बोधवाक्य आहे, वरुणाकडे मंगल मागणारी वैदिक प्रार्थना. तिलाही कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. समुद्रावर जाणाऱ्याने समुद्राच्या देवाला साकडे घालावे, हे सर्वांनाच समजते. आणि ज्या राजमुद्रेचा आकार घेतला, तिच्या मजकुरात कोणत्याही देवतेला वंदन नाही. त्यात वाढती चंद्रकोर आहे, शहाजीपुत्राचे नाव आहे आणि लोकांचे कल्याण आहे. मालकाची खूण कशी असावी याचा हा सतराव्या शतकातला नमुना आज निशाणावर आहे. त्याचा आकार आपण घेतला, त्यामागचा विचार घेतला की नाही हा प्रश्न उरतो.

राफेलबाबतची एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. १० सप्टेंबर २०२० रोजी अंबाल्याला ही विमाने वायुसेनेत रीतसर दाखल झाली, तेव्हा सर्वधर्म पूजा झाली. वेगवेगळ्या धर्मांचे धर्मगुरू एका रांगेत उभे होते. सैन्याची ही जुनी रीत आहे, पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री त्याच्या नोकरीतच असतात. विमान तेच, मंत्री तेच, धार्मिक विधीही होता, पण वाद झाला नाही. म्हणजे लोकांना विमानाजवळचा धर्म खुपला नव्हता. मालकांपैकी काहीच जण मोजले गेले, हे खुपले होते.

कुंकवाचा गुण असा की ते धुऊन जाते. मेरिन्याकचा ॐ विमानाच्या पत्र्यावर टिकणारा नव्हता आणि टिकवायचाही नव्हता. तो टिकला छायाचित्रात. ते छायाचित्र वैमानिकासाठी नव्हते, शत्रूसाठी नव्हते, मतदाराच्या घरातल्या पडद्यासाठी होते. औरंगजेबाने निदान तोफेवरच कोरले. आताची खूण शस्त्राला स्पर्शापुरती लागते आणि शस्त्राच्या बळावर दुसरीकडे जाऊन बसते.

‘बहुसंख्य मालकांची जी श्रद्धा, तीच खूण केली तर बिघडले कुठे?’ असे मला अनेकदा विचारले जाते. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मी हार्बर लाइनवर शोधतो. याच लाइनवरच्या डॉकयार्ड रोड स्थानकालगत माझगाव डॉक आहे, जिथे देशाच्या विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. जहाज पाण्यात उतरताना तिथे मंत्र म्हटले जातात, नारळ फुटतो, आणि वेल्डिंग करणारे, पत्रा कापणारे, रंग देणारे सगळ्या जातिधर्मांचे हात बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या खऱ्या असतात, कारण जहाज त्यांचे असते. शस्त्राची अर्धी ताकद पोलादात असते आणि अर्धी ‘हे आमचे आहे’ या भावनेत. बहुसंख्येच्या हिशेबाने खूण करत गेलो, तर पोलाद तेवढेच राहील, पण दुसरी अर्धी ताकद एकेका हाताने कमी होत जाईल. जोवर जहाज वेळेवर उतरते आहे, तोवर ही घट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

धरणाऱ्याला त्याचा देव असू द्यावा, तो त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. घडवणाऱ्याने आपली मोहोर उघडी ठेवावी. मालकाच्या नावाने खूण करणाऱ्याने मात्र सगळे मालक मोजून मग हात उचलावा. रघुजींची तलवार आता लोकांच्या पैशाने लोकांची झाली आहे. ती जिथे कायमची मांडली जाईल तिथल्या पाटीवर भोसल्यांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत ‘फिरंग’ हा शब्द आणि त्याचा अर्थ लिहावा, एवढी सूचना संबंधितांना करतो. सोन्याने लिहिलेला शब्द झाकण्याचे कारण रघुजींना नव्हते, आपल्यालाही नसावे.