सराव की देखावा?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, हे वाचकांना आठवत असेल. त्याआधी दोनच दिवस केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नागरी संरक्षणाच्या यादीतील २४४ जिल्ह्यांत असे सराव घेण्यास सांगितले होते. हवाई हल्ल्याचा इशारा देणारे भोंगे वाजवणे, दिवे मालवणे, महत्त्वाचे प्रकल्प शत्रूच्या नजरेपासून झाकणे, लोकांना सुरक्षित जागी हलवणे आणि विद्यार्थ्यांसह सर्व नागरिकांना स्वसंरक्षणाचे धडे देणे, असा हा कार्यक्रम होता. मुंबईत क्रॉस मैदानावर असा सराव झाला. १९७१ साली ज्यांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, त्यांना हे सारे ओळखीचे वाटले असेल.

पुढच्या दोन दिवसांत जे घडले ते मात्र १९७१ सारखे नव्हते. ८ मेच्या रात्री पाकिस्तानकडून ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले, असे भारतीय लष्कराच्या प्रवक्त्यांनी ९ मे रोजी सांगितले. त्याच सुमारास पंजाबातील फिरोजपूर जिल्ह्यात ड्रोनमुळे घराला आग लागून एका कुटुंबातील तिघे भाजले. सराव विमानांचा झाला आणि आले ड्रोन! ही उणीव लक्षात आली असावी. कारण ३१ मे रोजी सीमेलगतच्या राज्यांत झालेल्या दुसऱ्या सरावात ड्रोनहल्ल्याचा प्रसंगही घेण्यात आला. ही तत्परता कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

परंतु विमानाच्या जागी ड्रोन ठेवला म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाले असे आम्हाला वाटत नाही. आमचा आक्षेप प्रसंगाच्या निवडीवर नाही, सरावाच्या पद्धतीवर आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना तो चटकन समजेल. आपण वर्गात दोन प्रकारची कामे करतो. एक प्रात्यक्षिक, त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि ते तसेच यावे अशी तजवीज केलेली असते. दुसरा प्रयोग, त्यात उत्तर चुकू शकते, मोजमाप करावे लागते आणि चुकीची नोंद ठेवावी लागते. सराव हा प्रयोग असायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याचे प्रात्यक्षिक होते.

काही महिन्यांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर असा सराव पाहण्याचा आम्हाला योग आला. ठरल्या वेळी, म्हणजे बरोबर ११ वाजता भोंगा वाजला. लाल रंग लावलेले 'जखमी' विद्यार्थी आपापल्या जागी आडवे झाले. स्ट्रेचर घेतलेली माणसे भिंतीआड उभीच होती. वीस मिनिटांत सर्वांची 'सुटका' होऊन पाहुण्यांचे भाषण सुरू झाले. पहिला जखमी रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली, असे आम्ही विचारले. कोणी घड्याळ लावले नव्हते. शेवटी एका कर्मचाऱ्याने मैदानात पडलेला नकली ड्रोन उचलून मुलांना जवळून दाखवला. खरा प्रसंग असता तर नेमकी हीच गोष्ट कोणीही करता कामा नये. पडलेल्या ड्रोनमध्ये न फुटलेले स्फोटक असू शकते. त्याची लिथियमची बॅटरी विझल्यासारखी दिसूनही पुन्हा पेट घेऊ शकते. शिवाय तपासासाठी तो पुरावा असतो. दूर राहणे, इतरांना दूर ठेवणे आणि कळवणे, एवढेच आपले काम.

सरावातील चुका नोंदवून त्या दुरुस्त केल्या नाहीत तर काय होते, याचे दुःखद उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. २२ मे २०१७ रोजी रात्री १०.३१ वाजता मँचेस्टर येथे गाण्याचा कार्यक्रम संपत असताना आत्मघाती स्फोट होऊन २२ निरपराध माणसे मरण पावली. सर जॉन साँडर्स यांच्या चौकशी अहवालाचा बचावकार्याविषयीचा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचले ते दोन तासांहून अधिक वेळाने. ज्या दालनात स्फोट झाला तेथे वैद्यकीय मदत देणारे केवळ तीन रुग्णवाहिका-कर्मचारी गेले. जखमींना जाहिरातींचे फलक आणि लोखंडी कठडे यांवर घालून लोकांनी बाहेर आणले. मदत वेळेवर आणि योग्य मिळाली असती तर एकाचा जीव बहुधा वाचला असता, असा अहवालाचा निष्कर्ष आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकच वर्ष आधी, मे २०१६ मध्ये, त्याच परिसरात आत्मघाती हल्ल्याचाच मोठा सराव झाला होता. पोलीस नियंत्रण कक्षातील एकाच अधिकाऱ्यावर कामाचा असह्य बोजा पडतो आणि इतर दलांना वेळेवर निरोप मिळत नाहीत, हे त्या सरावात दिसले होते. प्रयोगाने उत्तर दिले होते, पण ते वहीतच राहिले. पुढच्या वर्षी खऱ्या प्रसंगात तेच घडले.

आता प्रशिक्षणाच्या आशयाकडे वळू. घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचतात ते पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे कर्मचारी आणि पुष्कळदा शेजारपाजारचे लोक. या सर्वांना नियम सांगितले जातात, कारणे क्वचितच. ड्रोनचे तंत्र इतक्या वेगाने बदलते, की नुसते पाठ केलेले नियम लवकर शिळे होतात. रेडिओलहरींत अडथळा आणून ड्रोन निकामी करता येतो, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत पुरेसे होते. युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून प्रकाशतंतूच्या बारीक तारेने चालवलेले ड्रोन दिसू लागले. त्यांना रेडिओसंदेश लागतच नाही, मग अडथळा कशात आणणार? दिवे मालवण्याचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक डोळ्यांनी लक्ष्य शोधत असत. उपग्रहांच्या संदेशावरून ठरलेल्या ठिकाणी जाणाऱ्या ड्रोनला अंधाराची अडचण नसते, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला अंधारातही दिसते. साध्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या चालकाला मात्र अंधार नडतो. म्हणजे दिवे मालवणे निरुपयोगी नाही, पण ते कशापासून वाचवते आणि कशापासून नाही, हे सांगायला हवे.

काही कारणे मात्र शिळी होत नाहीत. २७ जून २०२१ रोजी पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली. दोन स्फोट झाले, आणि त्यांत पाच-सहा मिनिटांचेच अंतर होते. ४ एप्रिल २०२४ रोजी युक्रेनमधील खारकीव शहरात ड्रोनहल्ल्यानंतर मदतीला धावलेले तीन बचाव-कर्मचारी त्याच जागी झालेल्या पुढच्या हल्ल्यात मारले गेले. पहिल्या स्फोटाजवळ गर्दी करू नये, याचे कारण हे आहे. जखमींना तेथून लवकर हलवायचे ते यासाठीच; आणि हातापायांतून जोराचा रक्तस्राव होत असेल तर तो दाबून थांबवण्याचे काम तज्ज्ञाची वाट न पाहता शेजाऱ्यालाच यायला हवे. तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

किती दूर राहायचे, याचेही गणित आहे. ठरावीक दाबाचा आघात जितक्या अंतरापर्यंत पोहोचतो, ते अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. वजन आठपट झाले तर अंतर आठपट नव्हे, दुप्पट होते. म्हणून थोडेसे अधिक दूर सरकण्याचा फायदा बराच मोठा असतो. उडणारे तुकडे मात्र हा नियम पाळत नाहीत. त्यांच्यासाठी भक्कम भिंतीचा आडोसाच हवा.

काचांविषयी एक उदाहरण शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे. तो बॉम्ब नव्हता, उल्का होती. पण आघाताचे विज्ञान तेच. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात प्रचंड लखलखाट झाला. लोक पाहण्यासाठी खिडक्यांशी गेले. दोन मिनिटांहून अधिक वेळाने आघाततरंग पोहोचला आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, त्यांतील बहुतेक काचांनी जखमी झाले होते. चौथीच्या एका शिक्षिकेने लखलखाट दिसताच आपल्या ४४ विद्यार्थ्यांना बाकांखाली जायला सांगितले. त्या स्वतः काचांनी जखमी झाल्या, मुले सुरक्षित राहिली. तो प्रकाश कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रकाश आधी येतो आणि आघात मागून, एवढे कळण्यासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. जवळच्या स्फोटात अशी उसंत मिळत नाही, हेही मुलांना सांगावे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून मुलांनी स्वतः हिशेब करावा.

ड्रोन हे बचावाचेही साधन आहे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ढिगाऱ्यावर किंवा धुरात माणसे शोधता येतात. पण छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते. ते चित्र कोण पाहणार, कोणाला कळवणार आणि बॅटरी संपल्यावर काय करणार, हे सरावातच तपासावे लागते. मँचेस्टरची अडचण यंत्रांची नव्हती, निरोपांची होती.

शाळांना यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. सराव असेल तेव्हा दोन विद्यार्थ्यांना घड्याळ देऊन निरीक्षक नेमावे. लहान मुले घाबरू नयेत म्हणून सरावाची कल्पना सर्वांना आधी द्यावी, पण एखादी अडचण गुप्त ठेवावी: एक जिना बंद, एक शिक्षक गैरहजर, दूरध्वनी बंद. प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण मुलांकडूनच लिहून घ्यावे. कारण सापडले नाही तर तो नियम सांगणाऱ्याला विचारावे. शेवटी काय चुकले याची यादी फळ्यावर लिहावी आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्याच यादीने करावी.

आपल्या शाळेत याआधी सराव झाला असेल, तर त्याची नोंद काढून पाहावी. तीत पाहुण्यांची नावे असतील आणि चुकांची यादी नसेल, तर तो सराव अजून व्हायचा आहे असे समजावे.