भाड्याची मोटार आणि प्रवासवर्णन

आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या प्रवासवर्णनाचें हस्तलिखित घेऊन गेल्या महिन्यांत उंब्रजास आमच्या घरीं आले आणि त्यास प्रस्तावना लिहून द्यावी अशी त्यांनीं विनंति केली. गोव्याच्या उत्तर टोकाकडील हरमल गांवीं ते तीन आठवडे लाटेवर फळी टाकून स्वार होण्याची विद्या शिकत राहिले होते. तेथें त्यांनीं स्वतः चालवावयाची मोटार भाड्यानें घेतली आणि आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या मार्गानें ते देशावर आले. कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांतील समर्थांचे अकरा मारुति त्यांनीं दीड दिवसांत पाहिले आणि मोटार परत करण्यासाठीं ते पुन्हा हरमलास गेले. हस्तलिखित आम्हीं दोनदां वाचलें. प्रस्तावना लिहिली नाहीं. तिच्याऐवजीं, त्यांच्या संमतीनें, हा लेख लिहीत आहों.

मोटारीस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्याय्य होणार नाहीं. इडिथ व्हॉर्टन या अमेरिकन लेखिकेनें १९०८ सालीं फ्रान्समधील आपल्या मोटारप्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तिनें मोटारीचें स्वागत अशासाठीं केलें कीं, आगगाडीचें वेळापत्रक आणि प्रत्येक गांवांत स्टेशनाच्या कुरूप बाजूनेंच शिरण्याची सक्ति यांतून प्रवासी सुटला. हें म्हणणें आमच्या मुलखासही लागू आहे. आंबोलीच्या घाटांतून आगगाडी जात नाहीं, आणि शिंगणवाडीची टेकडी आपण चढून उतरेपर्यंत एस. टी. आपल्यासाठीं खोळंबून राहत नाहीं. वाटेल तेथें वळण्याचें आणि वाटेल तेथें थांबण्याचें स्वातंत्र्य मोटार देते. त्या स्वातंत्र्याचें लेखकांनीं काय केलें, एवढाच टीकाकाराचा प्रश्न आहे.

आमच्या मतें, या हस्तलिखिताच्या पुष्कळशा भागाचा कर्ता लेखक नसून भाडें हा आहे. काळ्या पाटीवर पिवळीं अक्षरें असलेली ती मोटार चोवीस तासांच्या हिशेबानें घेतली होती, हें पहिल्याच प्रकरणांत सांगितलें आहे; आणि तो हिशेब पुढें प्रत्येक पृष्ठावर वाचकाच्या कानांशीं टिकटिकत राहतो. मनपाडळें पंचवीस मिनिटें, पारगांव वीस, शिराळें अर्धा तास. मूर्तीची उंची, स्थापनेचें साल, मागच्या गांवापासूनचें अंतर आणि गाडी उभी करण्याची सोय, एवढें सांगून लेखक पुढें निघतात. शहापूरचा मारुति १६४५ चा आणि शिराळ्याचा १६५४ चा, असें परंपरेनें मानलें जातें. जें उभें राहण्यास नऊ-दहा वर्षें लागलीं, तें पाहण्यासही तितकींच लागावींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु समर्थांचें चाफळास ठाणें असतां मारुति थेट वारणेकडील गांवांपर्यंत कां बसले, त्या गांवांना जोडणाऱ्या जुन्या वाटा कोणत्या, हे प्रश्न पायीं चालणारास आपोआप पडतात. मोटारींत बसणारानें ते मुद्दाम पाडून घ्यावे लागतात. लेखकांनीं ते पाडून घेतलेले नाहींत.

दुसरी उणीव माणसांची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानांत गेले, ते चार पैसे मिळवून घरचें कर्ज फेडावें म्हणून. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. रात्रीचा निवारा, नदीचा उतार, पुढची वाट, सर्व कांहीं भटजींस कोणाला तरी विचारावें लागे. म्हणून झांशीचा वेढा जसा त्यांच्या पुस्तकांत आहे, तशीं वाटेंत भेटलेलीं सामान्य माणसेंही आहेत. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या १९५७ च्या पुस्तकांत नर्मदेच्या परिक्रमावासीयास हेंच भाग्य लाभलें आहे. ज्याची गरज दुसऱ्यावांचून भागत नाहीं त्यास माणसें भेटतात. आमच्या लेखकांस कोणाचीच गरज पडली नाहीं. वाट यंत्रानें सांगितली, निवारा आधींच ठरला होता. चालकासह मोटार घेतली असती तर निदान एक मनुष्य तरी पुस्तकांत आला असता!

यावर कोणी म्हणेल कीं, भेटलीं नाहींत तर माणसें कल्पनेनें घालावींत. हा मोह थोरांसही आवरत नाहीं. जॉन स्टाइनबेक १९६० सालीं न्यूयॉर्क राज्यांतील सॅग हार्बर या समुद्रकांठच्या गांवाहून चार्ली नांवाचा कुत्रा बरोबर घेऊन निघाला आणि सुमारें दहा हजार मैल अमेरिका हिंडला. १९६२ सालीं त्याचें पुस्तक आलें. मोठ्या हमरस्त्यांवरून सारा देश ओलांडला तरी कांहींच दिसत नाहीं, अशी तक्रार त्यानेंच त्यांत केली आहे. पुढें २०१० सालीं एका अमेरिकन पत्रकारानें तोच मार्ग पुन्हा धरला आणि पुस्तकांतील कित्येक भेटी व संवाद घडलेच नसावेत असा निष्कर्ष काढला. आमच्या लेखकांनीं एकही मनुष्य खोटा उभा केलेला नाहीं. हा त्यांच्या लेखनाचा मोठाच गुण आहे.

आणि खरीं माणसें अगदींच नाहींत असेंही नाहीं. आंबोलीच्या घाटांत धुकें इतकें दाटलें कीं, पुढचें वळण दिसेना. तेव्हां लेखक एका चहाच्या टपरीपाशीं तासभर अडकून पडले. टपरीवाल्या बाईनें त्यांस आंत बोलावून चुलीपाशीं बसविलें. कोणत्या गाड्या घाट चढतांना धापा टाकतात आणि कोणत्या उतरतांना, हें ती आवाजावरून सांगत होती. हीं तीन पृष्ठें साऱ्या हस्तलिखितांत उत्कृष्ट आहेत. दुसरा प्रसंग बहें येथील. कृष्णेच्या पात्रांतील बेटावरचा मारुति पाहून परततांना चाक पंक्चर झालें आणि उसाच्या फडांतून एक गृहस्थ जॅक घेऊन आले. या गृहस्थांस मात्र दोनच ओळी मिळाल्या आहेत. दोन्ही ठिकाणीं वाङ्मय कोठें जन्मास आलें पाहा: मोटार जेथें थांबली तेथें.

सर्वांत आश्चर्य वाटतें तें पहिलें प्रकरण वाचून. हरमलच्या समुद्रांत फळीवर पालथें पडून लेखक लाटेची वाट पाहत आहेत. एक लाट फसवी निघते, दुसरी त्यांस उलथून देते, मग बराच वेळ समुद्र नुसता हलत राहतो. सकाळभरांत एकच लाट साधली तरी ते समाधानानें किनाऱ्यावर येतात. दुसऱ्याच्या मर्जीनें चालणाऱ्या वस्तूपाशीं कसें थांबावें, हें ते तीन आठवडे शिकत होते. आणि मोटारीची किल्ली हातीं येतांच तें शिक्षण ते वाळूंत ठेवून निघाले. रस्ता हाही समुद्रासारखाच आहे. त्यावरही लाट येते, पण ती आपल्या मुदतींत येईलच असें नाहीं.

आतां आमच्याविषयीं. उंब्रजच्या मठांतील मारुतीस वीस मिनिटें, हें वाचून आम्हांस प्रथम रागच आला. ही मूर्ति चुना, वाळू आणि ताग यांची आहे असें सांगतात. चाफळहून समर्थ येथें कृष्णेच्या स्नानास येत, अशी आख्यायिका आहे. तारळी येथेंच कृष्णेस मिळते. यांतील एकही गोष्ट हस्तलिखितांत नाहीं. पण राग ओसरल्यावर आम्हीं स्वतःचा हिशेब मांडला. गेलीं सत्तावीस वर्षें कराडास शिकविण्यासाठीं आम्ही याच महामार्गानें जातों-येतों. मठांत गेलों तें बहुधा पाहुण्यांना दाखविण्यासाठीं, आणि त्यांना गाडीची घाई असे तशी आम्हांसही घराची. चाफळच्या वाटेवरचा माजगांवचा मारुति तर आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. आमची मोटार भाड्याची नव्हती आणि चोवीस तासांची मुदतही कोणी घातली नव्हती. तेव्हां भाड्यास कर्ता ठरवितांना आम्हीं जें लिहिलें, त्यांतील निम्मा दोष आम्ही आमच्याकडे घेतों.

लेखकांस आमची सूचना एवढीच आहे. अकरांपैकीं आठ मारुति निःसंकोच गाळावेत. त्यांचीं सालें व उंची अन्यत्र मिळतात. बह्यास पुन्हा जावें आणि जॅक घेऊन आलेल्या गृहस्थांचें ऋण दोन ओळींवर भागवूं नये. आंबोलीचीं पृष्ठें आहेत तशींच ठेवावींत. उंब्रजास आल्यावर आमच्याकडे उतरावें. मोटार त्या दिवशीं परत करून टाकली तर अधिक चांगलें. माजगांवास आपण दोघे पायीं जाऊं. त्यानंतर जें लिहिलें जाईल, त्यास प्रस्तावना लिहिण्याचा अधिकार कदाचित् आम्हांसही प्राप्त होईल.