‘मत्स्यविनोद’ आणि कृष्णाकाठची मत्स्यनामे

मार्गशीर्ष सरत येतो त्या सुमारास सातारा जिल्ह्यातील जावळी-पाटणचे आणि सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या बाजूचे ओढे निवळू लागतात. पावसाळ्याचे गढूळ पाणी ओसरून गेलेले असते आणि चैत्रातील कोरड अजून दूर असते. धोंड्यांतून वाहणारी बारीक धार मधूनमधून एखाद्या डोहात थांबते व त्या डोहाचा तळ काठावरून स्पष्ट दिसतो. भाताची मळणी उरकलेली असते. अशा एखाद्या दिवशी दोघेतिघे मित्र कळकाची काठी, दोर, गळ, ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे आणि कणकेचा गोळा एवढे साहित्य घेऊन ओढ्यावर जातात. पहाटेच्या गारठ्यात मासा हलत नाही. उन्हे पाण्यावर येईपर्यंत थांबावे लागते. आपली सावली पाण्यावर पडू नये अशा बेताने बसावे लागते, आणि पाणी निवळशंख असल्यामुळे बोलणे आपोआप हळू होते. वेगाच्या धारेत झोऱ्या वरच्या वर किडे टिपतो व गळालाही लवकर लागतो. मल्या मात्र खडकाला चिकटून शेवाळ खरवडीत राहतो आणि गळाकडे सहसा पाहत नाही. संध्याकाळी हाती येते ते एका कालवणापुरते. त्या मासळीसाठी कोणी दिवस मोडला असे म्हणता येणार नाही. दिवस मोडला तो दिवसासाठीच.

मराठी गद्याला हा दिवस जवळजवळ अपरिचित आहे, हे विधान धाडसाचे वाटेल. परंतु ते तपासून पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचा या विषयावरील ग्रंथ 1653 साली, यादवी युद्धाने देश पोळून निघाल्यानंतर, प्रसिद्ध झाला आणि गळाने मासे धरणाऱ्या मित्रांचा संवाद हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला. मराठीत तसे काही का घडले नाही, या प्रश्नाला ‘आपल्याकडे ट्राउट मासा नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते. सह्याद्रीचे ओढे उन्हाळ्यात आटतात व तापतात. म्हणूनच इंग्रजांनी तो मासा निलगिरीत आणि काश्मिरात नेऊन सोडला, महाबळेश्वराखाली नाही. जेथे तो जगणार नव्हता तेथे त्यांनी निदान त्याचे नाव सोडले: झोऱ्याच्या कुळातील माशांना इंग्रजी पुस्तकांतून ‘डोंगरी ट्राउट’ म्हटलेले आढळते. या कुळातील एका जातीचे शास्त्रीय वर्णन बुकॅनन-हॅमिल्टन याने 1807 साली केले, तेही कृष्णेच्याच खोऱ्यातील वेदवती नदीवरून. मासा होता, ओढा होता, हिवाळा होता आणि मित्रही होते. नव्हते ते या सर्वांना एकत्र बांधणारे नाव.

ते नाव एके काळी होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (शके 1051, म्हणजे इ. स. 1129) राजाने करावयाच्या विनोदांत ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, दोर कशाचा असावा, काठी व गळ कसे असावेत, याचे तपशीलवार विवेचन त्यात येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यातील मत्स्यनामांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. मराठीच्या अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ अर्थात अपरिचित नाही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या त्यातील उल्लेखाचा आणि गीतविनोदातील मराठी पद्यांशांचा निर्देश मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून वारंवार होतो. परंतु त्याच ग्रंथातील मत्स्यविनोदाकडे मराठीच्या बाजूने पाहिले गेले नाही. ओवी ती आपली आणि मासा मात्र प्राणिशास्त्राचा, अशी वाटणी होऊन गेली. ज्या खोऱ्यांवर या राजाचा अंमल होता त्यांत कृष्णाकाठही येतो, ही गोष्ट लक्षात घेता ही उपेक्षा अधिकच खटकते.

या प्रकरणातील सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे त्याचे शीर्षकच. संस्कृतात ‘विनोद’ म्हणजे मन रमविणारा व्यवसाय, करमणूक. मराठीत हा शब्द थट्टा, हास्य एवढ्याच अर्थापुरता आकुंचित झाला. आज ‘मत्स्यविनोद’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला माशांवरचे चुटके अपेक्षित असतील. अर्थसंकोचाची अशी उदाहरणे विपुल आहेत. पण येथे संकोचाबरोबर एक जागाच नाहीशी झाली. देशावरचा माणूस ‘मासे धरायला’ जातो किंवा ‘मासे मारतो’. कोकणातील माणूस ‘गरवायला’ जातो. ‘गरवणे’ या क्रियापदात साधन आहे, म्हणून ते अधिक नेमके. तथापि पोटासाठी गरवणे आणि मनासाठी गरवणे हा भेद तेही दाखवीत नाही. ‘गळाला लागणे’ या वाक्प्रचारात तर सगळी सहानुभूती किंवा सगळा उपहास माशाच्या वाट्याला येतो. काठी धरून बसलेल्याविषयी भाषा काहीच बोलत नाही. (‘गळ टाकला’ यातील पुल्लिंगी गळ आणि ‘गळ घातली’ यातील स्त्रीलिंगी गळ एकच मानून आग्रहाच्या अर्थाचा उगम मासेमारीत शोधण्याचा मोह अनेकांना होतो. लिंगभेद पाहता तो मोह आवरलेला बरा.)

सोमेश्वराच्या ग्रंथाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. त्यातील मत्स्यविनोद हा राजाचा आहे. खाद्य कालविणारे, दोर वळणारे, माशाचे नाव आणि ठाव सांगणारे हात दुसऱ्यांचे आहेत. पुढील काळात हीच विभागणी अधिक कठोर झाली. मासे धरणे भोई-कोळ्यांचा व्यवसाय ठरला, आणि लिहिणारा वर्ग बहुतांशी मासे न खाणारा असल्यामुळे नदी त्याच्या लेखनात घाट, पर्वणी आणि पूर यांच्या रूपाने आली. ग्रामीण साहित्याने ही कोंडी फोडावयास हवी होती. पण या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर त्या साहित्याचा एक मोठा प्रवाह निघाला तो पूर्वेकडच्या कोरड्या माणदेशातून. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (1955) शेवट दुष्काळाने गाव उठण्यात होतो, ज्या प्रदेशात पाणी हीच बातमी असते तेथे ओढ्याकाठी दिवस घालविण्याचा प्रसंग कोठून येणार? पश्चिमेकडचे वारणेचे खोरे अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनात आले, पण ते बंडाची आणि प्रतिकाराची भूमी म्हणून आले, आणि तसे येण्याला सबळ कारण होते. या लेखकांनी मासेमारीवर लिहावयास हवे होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. एकाच नदीच्या दोन बाजूंपैकी ओली बाजू फुरसतीच्या अंगाने कोणाच्याच लेखनात आली नाही, एवढेच नोंदवावयाचे आहे.

वाङ्मयात न आलेला शब्द कोशात तरी सापडावा. पण कोशांनी या बाबतीत निराशा केली आहे. मोल्सवर्थच्या कोशापासून (दुसरी आवृत्ती 1857) 1932 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत मत्स्यनामांचा अर्थ पुष्कळदा ‘एक जातीचा मासा’ एवढाच दिला जातो. धान्याच्या किंवा दागिन्याच्या बाबतीत कोणताही कोशकार इतक्यावर थांबत नाही.

यामुळेच कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स याचा दख्खनच्या माशांवरील निबंध मराठी भाषाभ्यासाचे साधन म्हणून वाचला पाहिजे. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या या अधिकाऱ्याने 1839 साली अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली आणि त्यांतील बऱ्याच जातींना मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. पूर्ण निबंध 1841 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत आला. प्राण्यांच्या जातिनामांत मराठीचा एवढा भरणा क्वचितच झाला असेल. मात्र रोमन लिपीत गेलेली ही नावे देवनागरीत परत आणताना जी बेफिकिरी दाखविली जाते ती गंभीर आहे. महसीर माशाच्या एका जातीचे साइक्सने दिलेले नाव आज सर्वत्र ‘खुद्री’ असे लिहिले जाते. रोमन ‘यू’ म्हणजे ‘उ’ असे गृहीत धरल्याचा हा परिणाम होय. परंतु ज्या निबंधात हे नाव येते त्याच्या शीर्षकातच साइक्सने ‘दखन’ हा शब्द दोन्ही ठिकाणी ‘यू’ घालून लिहिला आहे. म्हणजे त्याचा ‘यू’ हा बहुधा ‘अ’ आहे. ‘उ’ व ‘ऊ’साठी तो जोडीचा ‘ओ’ वापरतो. ‘अळकुटी’सारख्या नावात तो दिसतो. (त्याच नावातील पहिला ‘अ’ त्याने ‘ए’ या अक्षराने लिहिला आहे, तेव्हा त्याची पद्धत काटेकोर होती असा दावा कोणी करू नये.) शिवाय रोमन ‘डी’ने ‘द’ आणि ‘ड’ यांतील भेद पुसला जातो. तेव्हा मूळ उच्चार ‘खडरी’ किंवा ‘खद्री’च्या जवळचा असण्याचा संभव ‘खुद्री’पेक्षा अधिक आहे. या माशाला मराठीत ‘खडस’, ‘खडशी’ अशी नावे आहेत, ही गोष्ट या तर्काला बळ देते.

याच रीतीने ‘नुक्ता’ म्हणून लिहिले जाणारे नाव वाचून पाहावे. हा मासा मुख्यत्वे कृष्णेच्या खोऱ्यातला, आणि त्याच्या मुस्कटावर आडवी खोल खाच असल्यामुळे नाक तुटल्यासारखे दिसते. ‘यू’चा ‘अ’ केला आणि ‘टी’चा ‘ट’ केला की उरतो तो निखळ मराठी शब्द ‘नकटा’. अरबी-फारसीतील ‘नुक्ता’शी, म्हणजे बिंदूशी, त्याचा संबंध जोडण्याचे काही कारण दिसत नाही. ज्याने हे नाव ठेवले त्याने मासा हातात धरून त्याच्या तोंडाकडे पाहिले होते आणि तो हसला होता. येथे ‘विनोद’ शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ क्षणभर एकत्र येतात.

नाव ठेवणाऱ्याची ही दृष्टी इतरत्रही दिसते. ‘शिंगटी’ला तिच्या काट्यांमुळे शिंग मिळाले. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 साली वर्णिलेल्या एका माशाला ‘खवलचोर’ हेच शास्त्रीय नाव दिले. हा मासा इतर माशांची खवले ओरबाडून खातो. कुलकर्णींना हा सामासिक शब्द समजत होता, म्हणून तो रोमन लिपीतही शाबूत राहिला. साइक्सला तो कानावर आला तसा लिहावा लागला असता, आणि मग आज त्यावरही वाद घालीत बसावे लागले असते.

साइक्सच्या नावांचा उपयोग करताना आणखी एक सावधगिरी हवी. त्याचे बरेचसे नमुने पुण्याच्या आसपासच्या मुळा-मुठा आणि भीमा यांतले आहेत. भीमा कृष्णेलाच मिळते हे खरे. पण पाणी एक झाले म्हणून बोली एक होत नाही. वारणेच्या किंवा मोरणेच्या काठी त्याच माशाला निराळे नाव असू शकते, आणि तेच नाव निराळ्या माशाला असू शकते. ही तुलना ओढ्याकाठीच करावी लागेल, आणि तिला अवधी थोडा आहे. कोयनेवर 1960 नंतरच्या दशकात धरण झाले. वारणेवर चांदोलीचे धरण त्यानंतर आले. धरणांनी वरखाली जाणाऱ्या माशांची वाट अडविली, आणि जलाशयांत कटला, रोहू, तिलापिया यांचे बीज आले. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान 2004 साली जाहीर झाले आणि कोयना अभयारण्यासह ते 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथील ओढ्यांवर आता गळ टाकता येत नाही, आणि तेच योग्य आहे. पण त्या ओढ्यांची नावे जाणणारी माणसेही तेथे उरलेली नाहीत. कोयनेचे धरणग्रस्त रायगड, ठाणे, सोलापूरकडे गेले. चांदोलीची गावे सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर वसली. सुरुंग आणि गेळफळाचे विष यांनी मासा मरतो, पण त्याचे नाव दुसऱ्या ओढ्यावर तरी जगते. माणसे उठली म्हणजे नावाला जाण्यासाठी दुसरा ओढा राहत नाही.

साइक्सच्या यादीतील आणखी एका महसीरवर्गीय माशाचे नाव आज ‘मुसुल्ला’ असे छापले जाते. ते ‘मसळा’ असेल, ‘मुसळा’ असेल, किंवा तिसरेच काही असेल. ‘यू’ दोनदा आला आहे, ‘एल’ जोडीने आला आहे, आणि त्यातून ‘ल’ की ‘ळ’ याचा निर्णय लिपीवरून होण्यासारखा नाही. शिराळ्याच्या किंवा पाटणच्या बाजूला पौषातल्या एखाद्या सकाळी हा मासा ज्याच्या गळाला लागेल त्यालाच तो विचारावा लागेल.