फांगणे येथील आजीबाईंची शाळा : पोथी आणि पाटी

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’विषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन कौतुकाच्या पातळीवरच थांबलेले दिसते. साठ ते नव्वद वर्षे वयाच्या सुमारे तीस स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारच्या वेळी शाळेत जातात, हे दृश्य इतके चित्ताकर्षक आहे की पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. एखाद्या शैक्षणिक प्रयोगाला असे कौतुक लाभणे हे भाग्याचे असले तरी ते काहीसे धोक्याचेही असते. ज्या प्रयोगाचे केवळ कौतुक होते त्याचे परीक्षण होत नाही, आणि परीक्षण न झालेला प्रयोग अनुकरणाच्या वेळी फसतो.

या शाळेच्या जन्मकथेपासूनच परीक्षणास प्रारंभ करणे इष्ट ठरेल. २०१६ च्या फेब्रुवारीत गावी शिवजयंतीचा उत्सव चालू असता पोथीवाचनाचा प्रसंग आला आणि वृद्ध स्त्रियांनी आपणांस वाचता येत नाही याची खंत बोलून दाखविली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती खंत मनावर घेतली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहित्याचा भार उचलला, आणि अवघ्या काही दिवसांत वर्ग उभा राहिला. शिकविणारी गावातीलच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही. या कथेतील महत्त्वाचा तपशील असा की त्या स्त्रियांनी साक्षरता मागितली नव्हती, सहीही मागितली नव्हती. त्यांनी पोथी मागितली होती. जन्मभर जी कानांनी ऐकली ती डोळ्यांनी वाचता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. शाळेचे मूल्यमापन करण्यासाठी याहून नेमका निकष बाहेरून आणण्याचे कारण नाही. तो निकष विद्यार्थिनींनीच प्रथमदिवशी घालून दिला आहे.

ही मागणी इतक्या उशिरा का आली, याचे उत्तर गावात शोधण्यापेक्षा शासकीय योजनांच्या वयोमर्यादांत शोधणे अधिक फलदायी होईल. २०१६ साली जी स्त्री पासष्ट वर्षांची होती तिचा जन्म १९५१ चा. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तिचे वय सत्तावीस. कार्यक्रमाची मर्यादा पंधरा ते पस्तीस असल्यामुळे ती तीत बसत होती. पण अंगावर मुले, दारात गुरे आणि शेतात लावणी असलेल्या स्त्रीपर्यंत रात्रीचा वर्ग पोहोचणे ही वेगळी गोष्ट. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना झाली, तेव्हा मुख्य लक्ष्यगट पुन्हा पंधरा ते पस्तीस. ती सदतीस वर्षांची, म्हणजे दोन वर्षांनी बाद. २००९ साली ‘साक्षर भारत’ योजनेने वरची मर्यादा काढून टाकली तेव्हा तिने अठ्ठावन्न पावसाळे पाहिले होते. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी असलेली शेजारीण तर १९७८ सालीच बेचाळीस वर्षांची होती, आणि पुढील तीस-एकतीस वर्षांत राष्ट्रीय योजनांच्या गणतीत ती कोठेच नव्हती. त्या आधी, १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने हजारो प्रौढांना अक्षरओळख करून दिली हे खरे. तथापि अशा मोहिमांतील अक्षर वापराअभावी पुसले जाते, हा अनुभव महाराष्ट्राला तेव्हापासूनचा आहे.

पंधरा ते पस्तीस ही मर्यादा साधनांच्या टंचाईतून आली असे तिचे समर्थन केले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतही आहे. शिक्षण म्हणजे उत्पादनक्षम वयात केलेली गुंतवणूक, आणि ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याच्यावर ती करू नये, हे ते गृहीत होय. १९७२ साली एडगर फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या आयोगाने आजन्म शिक्षणाची कल्पना जगापुढे मांडली; आपल्या विद्यापीठांतील प्रौढ शिक्षण विभागांनीही कालांतराने ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ असे नाव धारण केले. नाव बदलले, गृहीत मात्र पुष्कळ काळ तसेच राहिले. फांगण्याच्या शाळेचे खरे महत्त्व येथे आहे. ज्यांच्याकडून कोणताही आर्थिक परतावा संभवत नाही अशा स्त्रियांसाठी रोज दुपारी दोन तास फळा, खडू आणि शिक्षिका उपलब्ध करून देणे, हा त्या गृहीताला दिलेला कृतिरूप नकार आहे. तो वादविवादातून आला नाही, एका शिक्षकाच्या सहज बुद्धीतून आला, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

गुलाबी गणवेषाबद्दलही असेच म्हणता येईल. वरवर पाहता ती एक हौस वाटते. पण विद्यार्थिनींत विधवा स्त्रियाही होत्या, आणि विधवेने उजळ रंग नेसू नये हा दंडक या भागात अद्याप पुरता मोडलेला नाही, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्या लुगड्याचा अर्थ पालटतो. एका वर्गात सवाशीण आणि विधवा एकाच रंगात बसतात, आणि तो रंग कोणी अंगावर घातला म्हणून नव्हे तर शाळेचा नियम म्हणून असतो. नियमाच्या आडोशाने रूढी मोडण्याची ही युक्ती मोठी मार्मिक आहे. सासू-सुनेच्या नात्याची उलटापालट हीदेखील साधी नव्हे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात आपल्या शिक्षणाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून झालेला विरोध नोंदविला आहे. त्या काळी शिकणाऱ्या सुनेपुढे वृद्ध स्त्री अडसर म्हणून उभी होती. फांगण्यात ती पाटी घेऊन सुनेसमोर बसली.

येथवर शाळेची बाजू निःसंशय भक्कम आहे. अडचण सुरू होते ती पाटीपासून. शाळेविषयीच्या वृत्तांतांवरून वर्गातील अध्यापनाचे जे चित्र मिळते ते असे: प्रार्थना, मुळाक्षरे, बाराखडी, अंक, बडबडगीते आणि सही. हा क्रम बालवाडीचा आणि पहिलीचा आहे. आपल्याकडे ‘शाळा’ या शब्दाबरोबर बालपण इतके घट्ट चिकटले आहे की सत्तर वर्षांच्या स्त्रीसाठी शाळा काढतानाही दप्तर, गणवेष आणि बडबडगीत ही तिन्ही बालपणाची चिन्हे आपोआप आत आली. विद्यार्थिनींना त्यात आनंद वाटला हे सर्वजण सांगतात, व त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. हुकलेले बालपण दप्तराच्या रूपाने हाती आले तर कोणाला आनंद होणार नाही? पण हुकलेले बालपण परत देणे हे एक कार्य आणि वृद्धापकाळाला साजेसे शिक्षण देणे हे दुसरे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की वृद्ध विद्यार्थिनी पाहुण्यांच्या कौतुकाचा विषय होते, आणि तिने मागितलेली पोथी बाजूला राहते.

वस्तुतः या स्त्रिया रिकाम्या मनाने वर्गात आलेल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ज्या ओव्या गोळा केल्या त्यांची संख्या लाखाच्या वर गेली; त्या रचणाऱ्या व गाणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मावळ आणि मुरबाड यांच्यामध्ये सह्याद्रीचा कडा आहे, पण जाते दोन्हीकडे होते. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती सोपानदेवांनी व इतरांनी लिहून ठेवली म्हणून. निरक्षर स्त्रीला वाङ्मय नसते, ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकण्यासारखी नाही. अशा स्त्रीला बडबडगीत पाठ करावयास लावणे म्हणजे उतारवयात तिच्या वाङ्मयीन संपत्तीची किंमत शून्य धरणे होय.

आणि ही केवळ भावनेची गोष्ट नाही, अध्यापनपद्धतीची आहे. प्रौढाच्या वाचनशिक्षणात सर्वांत मोठा आधार असतो तो मुखोद्गत मजकुराचा. ज्या स्त्रीला हरिपाठ तोंडपाठ आहे तिच्यापुढे तोच मोठ्या ठशात छापून ठेवला, तर पुढचा शब्द कोणता हे तिला कानाने आधीच ठाऊक असते; डोळ्यांनी तो ओळखणे एवढेच उरते. पावलो फ्रेरे यांनी ब्राझीलमध्ये १९६० च्या दशकाच्या प्रारंभी प्रौढांचे वर्ग चालविले तेव्हा पाठांचे शब्द मजुरांच्या जगण्यातून घेतले, आणि त्यांतील एक प्रसिद्ध शब्द ‘वीट’ हा होता. मुरबाड-शहापूरच्या माणसाला या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. दर हंगामात येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ‘कमळ’ आणि ‘गणपती’ यांनी आरंभ होणारी अंकलिपी बालकासाठी ठीक आहे. लावणी, आवण, राब, पेंढा, सूप हे शब्द सत्तरीच्या स्त्रीच्या हाताला आधीच माहीत असतात. तिच्या डोळ्यांची क्षीण झालेली जवळची दृष्टी, कामाने ताठरलेली बोटे, या गोष्टींचाही विचार व्हावयास हवा. बारीक ठशाचे पुस्तक आणि लहान मुलाची पेन्सिल यांनी जितक्या वृद्ध विद्यार्थिनींना निरुत्साही केले असेल तितके बुद्धिमांद्याने खचितच केले नसेल.

याच्या तुलनेत केरळातील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे २०१८ साली कार्त्यायनी अम्मा या शहाण्णव वर्षांच्या स्त्रीने राज्याच्या साक्षरता परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून प्रथम क्रमांक पटकावला. वृत्तपत्रांनी तिच्या वयाचे कौतुक केले. पण शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळी आहे: त्या परीक्षेच्या पुढे चौथी, सातवी, दहावी व बारावी यांच्या समकक्ष अशा पायऱ्या राज्याच्या साक्षरता मिशनने बांधून ठेवल्या होत्या. वय कितीही असो, ज्याला चढावेसे वाटेल त्याला पुढची पायरी होती. फांगण्याची शाळा एका शिक्षकाच्या उत्साहावर आणि एका न्यासाच्या औदार्यावर उभी राहिली; अशा शाळेकडून पायऱ्यांची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते काम शासनाचे आणि विद्यापीठाचे होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला. त्यात निरंतर शिक्षण हाही एक घटक आहे. कागदावर तरी आता आजीबाई बाद नाहीत.

दुसरीकडे, नागर भागात ज्येष्ठांच्या शिक्षणाची जी कल्पना रूढ आहे तीही येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे सुरू झालेल्या ‘तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा’चा आदर्श निवृत्त, सुशिक्षित आणि वेळ असलेल्या माणसाचा आहे, ठाणे-डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानमाला त्याच वळणाच्या. मुरबाडच्या सत्तरीतल्या स्त्रीला निवृत्ती नाही. पावसाळ्यात ती चिखलात उभी असते, उन्हाळ्यात नातवंडे सांभाळते.

फांगण्याचे अनुकरण शेजारच्या शहापूर तालुक्यात करावयाचे ठरविल्यास हा भेद अधिकच तीव्रपणे जाणवेल. फांगणे हे एकवटलेले गाव आहे. हाकेच्या अंतरावर वर्ग भरू शकतो. शहापूरच्या डोंगराळ भागातील ठाकर, कातकरी आणि वारली पाडे विखुरलेले आहेत. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पोहोचविणाऱ्या या तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, व दुपारचे जे दोन तास फांगण्यात शाळेचे होते ते तेथे हंड्याचे असतात. भट्टीच्या हंगामात दिवाळीनंतर पाडे अर्धेअधिक रिकामे होतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, आणि एखादे वेळी तीही राहत नाहीत. अशा ठिकाणी रोजचा वर्ग, गणवेष आणि ठरलेली वेळ यांचा आग्रह धरला तर शाळा पहिल्या पावसाळ्यातच बंद पडेल. तेथे वर्गाचा काळ आषाढ-श्रावणात, लावणी आटोपल्यावर धरावा लागेल. शिकविणाऱ्या व्यक्तीला पाड्यावरची बोली यावी लागेल. ठाकर-कातकरी वृद्धांच्या बाबतीत प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक हे आणखी एक परके दप्तर ठरण्याचा संभव आहे. त्यांची गाणी आणि वनस्पतींची माहिती प्रथम त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यावी व तोच मजकूर वाचनासाठी त्यांच्यापुढे ठेवावा, हा मार्ग अधिक लांबचा असला तरी अधिक खात्रीचा आहे. महाविद्यालयांतील विस्तारकार्याच्या विद्यार्थ्यांना याहून चांगले काम शोधूनही सापडणार नाही.

राहता राहिला सहीचा प्रश्न. अंगठ्याऐवजी सही करता येऊ लागली, ही फांगण्याच्या शाळेची सर्वाधिक मिरविली गेलेली फलश्रुती आहे, आणि बँकेच्या खिडकीशी शाईने काळा झालेला अंगठा पुसत उभे राहण्याचा अपमान ज्यांनी सोसला त्यांना ती लहान वाटणार नाही. मात्र सही करणारा हात कागदावर काय लिहिले आहे हे वाचू शकत नसेल, तर अंगठा आणि सही यांत फरक शाईच्या रंगाचाच उरतो. कर्जाच्या कागदावर आणि जमिनीच्या खरेदीखतावर वृद्ध स्त्रीची सही घेणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. शहरे जवळ येत चाललेल्या या दोन तालुक्यांत जमिनीला भाव आलेला असताना ही बाब गंभीर आहे. पोथी वाचू शकणारी स्त्री सातबाराही वाचू शकेल. म्हणून शाळेतील एखाद्या जुन्या विद्यार्थिनीपुढे न शिकविलेले, न ऐकलेले एक पान ठेवून ती ते किती ओळी वाचते हे पाहणे, ही या प्रयोगाची पहिली खरी परीक्षा ठरेल. आणि ते पान निवडताना तिच्याच देवघरातील पोथी हाती घ्यावी.