फेरमोजणीनं मालकी ठरते का?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत हल्ली ‘जमीन अभिलेखांचं आधुनिकीकरण’ हमखास असतं. साहजिक आहे. योजना ताज्या आहेत, आकडे सहज मिळतात आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बांधाचा नाहीतर वाटणीचा एखादा वाद असतोच. त्यातून एक गृहीतक जवळजवळ आपोआप तयार होतं: देशभर एकदा नीट फेरमोजणी झाली, की कोणाची जमीन कुठली हे कायमचं मिटेल.

या लेखात हे गृहीतकच तपासून बघू. माझं म्हणणं थोडक्यात असं: मोजणीतून हद्द कळते, मालकी ठरवायला चौकशी लागते. योजनांचे आकडे मात्र पहिल्या कामाचे असतात आणि त्यावरून दुसरं काम झालं असं मानलं जातं. संशोधक म्हणून तुम्हीही तेच मानलंत, तर प्रबंध म्हणजे सरकारी प्रगती अहवालाची सुबक प्रत होईल.

आधी दुसरी बाजू

फेरमोजणीची गरज खरी आहे. मुंबई इलाख्यातली भूमापनाची पद्धत 1835च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली. साखळीनं मोजलेल्या त्या परंपरेतले नकाशे आपण अजून वापरतो. मधल्या काळात पोटहिस्से पडले, रस्ते गेले, कालवे आले, बांध सरकले. कागद जीर्ण झाले. म्हणून 2008 मध्ये केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम आला आणि 2016 पासून तो ‘डिजिटल इंडिया’च्या नावाखाली चालू आहे. यात वावगं काही नाही.

पण ती मूळ मोजणी कशासाठी झाली होती, हे विचारा. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी. मालक कोण हा तिचा मुख्य प्रश्नच नव्हता. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो 1903 मध्ये, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 157 प्रमाणे सातबारावरची नोंद ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ खरी मानायची असते. फेरफार नोंदीनं मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात सांगितलं. नोंदणी कार्यालयात दस्त नोंदवला जातो. विकणारा खरा मालक होता याची हमी तिथं मिळत नाही. नकाशा एका खात्याकडे, सातबारा दुसऱ्याकडे, दस्त तिसऱ्याकडे, आणि शेवटचा शब्द दिवाणी कोर्टाचा.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी 1989 मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात ही घडी बदलून सरकारनं मालकीची हमी द्यावी असं सुचवलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 पासून टॉरेन्स पद्धत तशी आहे. तिथं सरकारी नोंदवही हाच मालकीचा पुरावा आणि त्या नोंदीमुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाईची सोय. कुठलीही नवी योजना वाचताना हा प्रश्न विचारत जा: नोंद चुकली तर पैसे कोण भरणार? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल, तर ती हमी नाही, फक्त जास्त स्वच्छ छापलेली नोंद आहे.

ड्रोनला काय दिसतं?

‘स्वामित्व’ योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. त्याआधी महाराष्ट्रानं पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग केला होता. योजनेची पद्धत बघा. ड्रोन उडण्याआधी गावात मिळकतींच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. ड्रोन त्या रेघेचा फोटो घेतो. त्यावरून नकाशा, मग चौकशी, हरकती आणि शेवटी मिळकत पत्रिका.

आता सांगा, मालकीचा प्रश्न कुठं सुटला? चुना मारताना. त्या वेळी कोण हजर होतं, कोण गप्प बसलं, कोण मुंबईला नोकरीला होतं, यावर रेघ कुठून गेली ते ठरलं. ड्रोननं ती सेंटीमीटरच्या अचूकतेनं टिपली, एवढंच. मूळ रेघ एकतर्फी असेल, तर तो एकतर्फीपणाही तेवढ्याच अचूकतेनं नोंदला गेला.

18 जानेवारी 2025 रोजी एका दिवसात 65 लाख पत्रिका वाटल्या गेल्या आणि 3 लाख 17 हजारांहून जास्त गावांची ड्रोन मोजणी झाल्याचं जाहीर झालं. आकडे मोठे आहेत. पण त्यातून हरकती किती आल्या, किती ऐकल्या आणि कोणाच्या फेटाळल्या, हे कळत नाही. तुमचा प्रबंध त्या जागेत आहे.

आपण हे एकदा केलंय

महाराष्ट्राला जमिनीच्या नोंदी नव्यानं मांडण्याचा मोठा अनुभव आहे. 1947च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनींची अदलाबदल झाली. पण अनेक ठिकाणी शेतकरी जुनीच जमीन कसत राहिले. याची जमीन त्याच्या नावावर, त्याची वहिवाट याच्याकडे. जानेवारी 2023 मध्ये राज्य सरकारनं ‘सलोखा’ योजना आणली. किमान 12 वर्षं अशी उलटसुलट वहिवाट असेल तर 1,000 रुपये मुद्रांक आणि 1,000 रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. एका मोठ्या सुधारणेनं केलेला घोळ निस्तरायला पाऊणशे वर्षांनी दुसरी योजना लागली. फेरमोजणीवर लिहिताना हा अध्याय वगळू नका.

इतर राज्यांतही बघा. बिहारमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये 45 हजारांवर गावांत विशेष सर्वेक्षण सुरू झालं आणि काम वंशावळी व कैथी लिपीतल्या जुन्या कागदांपाशी अडलं. आपल्याकडे कैथीच्या जागी मोडी आहे. आंध्रात फेरमोजणीच्या जोडीला मालकी हमीचा कायदा केला, पण दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद होईल या भीतीनं वादळ उठलं आणि 2024च्या सत्तांतरानंतर तो रद्द झाला.

इचलकरंजीत नकाशा काय सांगेल?

आमचं गाव ही घोरपड्यांची जहागीर, कोल्हापूर संस्थानाच्या अखत्यारीतली. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, मग विलीन प्रदेशातल्या जहागिऱ्या रद्द करणारा 1953चा कायदा आला. जोडीला 1948चा कुळकायदा होताच. जहागीरदार, इनामदार, कूळ यांच्यातून जमीन कोणाच्या नावावर गेली, हे आदेशांनी ठरलं. जमिनीवर त्याची खूण नाही. वरून कितीही उंचीवरून बघा, भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 मधली रेघ दिसायची नाही.

शहराचंही तसंच. 1904 मध्ये इथं पहिला यंत्रमाग आला, 2022 मध्ये महानगरपालिका झाली. मधल्या काळात मागांच्या शेड उभ्या राहिल्या. अशी एक शेड कल्पून बघा: छप्पर एक, खाली तीन भावांचे माग, एक गाळा भाड्यानं, पत्रिकेवर वारलेल्या वडिलांचं नाव. ड्रोनला एक छप्पर दिसेल. गुंठेवारीत तर एका सातबारावर अनेक नावं आणि विक्री नोटरीच्या कागदावर. 2001 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. चौकशी अधिकाऱ्यासमोर या शेडची नोटीस लागेल तेव्हा तिघे भाऊ येतील. सोलापूरला दिलेली बहीण येईल का? 2005च्या दुरुस्तीनं आणि 2020च्या विनीता शर्मा निकालानं वडिलोपार्जित मिळकतीत तिचा जन्मापासून हक्क मान्य झालाय. पण चौकशी ‘जागेवर कोण आहे’ एवढ्यावर संपली, तर नव्या पत्रिकेवर तिचं नाव नसेल, आणि पुढं कोर्टात जाण्याचा खर्च तिच्याच माथी. फेरमोजणीत खरं पणाला लागतं ते हे.

मग अभ्यास कसा करायचा?

पहिला सापळा ओळखा. ज्या गावात वाद कमी, तिथं काम लवकर संपतं. म्हणून ‘पत्रिका मिळालेली गावं’ आणि ‘न मिळालेली गावं’ यांची तुलना करून ‘पत्रिकेमुळे वाद घटले’ म्हणता येत नाही. गॅलियानी आणि शार्ग्रोडस्की यांचा ब्यूनस आयर्सवरचा 2010चा निबंध यासाठी वाचा. एकाच वस्तीतल्या काही जमिनींच्या मूळ मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे रहिवाशांच्या कर्तबगारीशी संबंध नसताना काहींना पट्टे मिळाले, काहींना नाही. तुलना तिथं टिकते. निष्कर्षही बघा: पट्टे मिळालेल्यांनी घरावर आणि मुलांच्या शिक्षणावर जास्त खर्च केला, पण कर्ज मिळण्यात फारसा फरक पडला नाही. पट्टा मिळाला की कर्ज मिळतं, हे वाक्य त्यानंतर जपून लिहावं लागतं.

दुसरं, मोजायचं काय ते बदला. पत्रिकांऐवजी हरकती मोजा. खातेदाराच्या मृत्यूची तारीख आणि वारसनोंदीची तारीख यांतलं अंतर मोजा. नव्या पत्रिकांवर बायकांची नावं किती, ती वारसा हक्कानं आली की खरेदीनं, आणि जिथं नाहीत तिथं हक्कसोडपत्र कधी झालं, हे बघा.

तिसरं, सिनॉप्सिस लिहिण्याआधी एकच गट नंबर घ्या. त्याचा सातबारा, सगळे फेरफार, एकत्रीकरणाचा उतारा, मोजणी नकाशा आणि दस्त काढा. एका टेबलावर मांडा. मग शेतावर जा आणि कसतंय कोण ते विचारा. कागद एकमेकांशी जिथं जुळत नाहीत, तिथं तुमचा संशोधन प्रश्न सुरू होतो.