देवावरचा भार आणि घरचा हिशेब
('स्मृतिचित्रे'चे एक पुनर्वाचन)

नववीच्या वर्गाला मराठी शिकवताना दर वर्षी एक तास मी अवांतर वाचनासाठी राखून ठेवतो आणि त्या तासाला बहुधा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तली दोन-चार पाने वाचून दाखवतो. मुले पोट धरून हसतात. रेव्हरंड टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा भडकणारा आणि तितक्याच लवकर निवणारा राग, हाती आलेला पैसा घरी पोचण्याआधीच एखाद्या गरजवंताला देऊन टाकण्याची त्यांची सवय आणि या सगळ्यावर लक्ष्मीबाईंचे मिस्कील भाष्य, यांत हसण्यासारखे आहेच. दोन वर्षांपूर्वी मात्र एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, पैसे देऊन टाकले, मग त्या दिवशी घरात काय शिजलं?"

मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे. त्यानंतर सुटीत मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा पहिल्यापासून वाचले, या वेळी तिचा प्रश्न हाताशी ठेवून. त्या वाचनातून जे सुचले ते येथे मांडत आहे.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या. चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही, तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला. तेव्हापासून या पुस्तकाकडे आपण दोन दृष्टींनी पाहत आलो आहोत. मराठीचा सर्वसाधारण वाचक त्याला प्रसन्न, विनोदी आत्मकथन मानतो. ख्रिस्ती वाचक त्याला साक्ष मानतो. म्हणजे देवाने एका कुटुंबाला कसे चालवले याची ग्वाही. पहिल्या वाचनात देव सुटतो आणि दुसऱ्यात स्वयंपाकघर सुटते. माझ्या मते हे पुस्तक या दोहोंच्या मधल्या जागेबद्दल आहे. देवाच्या कृपेवर विसंबून राहायचे म्हणजे सोमवारी सकाळी डब्यात पीठ नसताना नेमके काय करायचे, हा त्याचा विषय आहे.

'कृपा' हा शब्द आपण किती सहज वापरतो! "देवाच्या कृपेने बरं चाललंय," असे आपण म्हणतो आणि आमची कानडी शेजारीणही "देवर कृपे" म्हणते. पण बहुतेक वेळा हे वाक्य सगळे मार्गी लागल्यानंतर उच्चारलेले असते. ख्रिस्ती विचारात या शब्दाला अधिक नेमका अर्थ आहे. कृपा म्हणजे न कमावता मिळालेले दान. पात्रता सिद्ध करून, व्रते पाळून किंवा शुद्ध होऊन ते मिळवता येत नाही. ते केवळ स्वीकारता येते. हा अर्थ लक्षात ठेवून 'स्मृतिचित्रे' उघडले, की पहिल्याच भागाचा प्रकाश बदलतो.

या भागात लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. सोवळ्याच्या वेडाने त्यांनी सारे घर वेठीला धरले होते. बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाही, असा त्यांचा बाणा. धुतलेल्या मिठाचे काय होते, हे स्वयंपाक करणारीला कोणी सांगायला नको. आपण ही हकीगत वाचून हसतो आणि पुढे जातो. पण पुस्तकाची सगळी मांडणी या मिठावर उभी आहे, असे मला वाटते. शुद्धी धुऊन-धुऊन कमवावी लागते, अशा घरात जन्मलेली ही मुलगी पुढे न कमावता मिळणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला शिकते. लक्ष्मीबाईंनी हा धागा कुठेही उघड करून दाखवलेला नाही. कदाचित त्यांना तो जाणवलाही नसेल. पण तो तेथे आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, नवऱ्याकडूनच अक्षरे शिकलेली ही बाई लहान मुलाला घेऊन मागे राहिली. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. नंतर ती त्यांच्याकडे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेली, तीही आपला धर्म, आपले पाणी आणि आपली चूल सांभाळून. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे.

मग राहुरीला तो प्रसंग येतो. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहतो. त्या स्वतःशीच वाद घालतात आणि अखेर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. १९०० मधला त्यांचा बाप्तिस्मा या निश्चयानंतरचा आहे. क्रम लक्षात घ्यावा. आधी पाणी, मग धर्म. टिळक तत्त्वज्ञान, वाचन, वाद आणि प्रार्थना यांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाई गेल्या त्या घागरीच्या वाटेने. मीठ धुणाऱ्या बापाची लेक दुसऱ्याच्या हातून पाणी घेते, ही माझ्या मते मराठी गद्यातली कृपेची सर्वांत साधी व्याख्या आहे. जे घ्यायला आपला हात आखडतो, ते घेणे.

येथवर सगळे सुंदर आहे. अडचण पुढे येते आणि त्या मुलीचा प्रश्नही तेथेच येतो.

टिळकांचा देवावरचा विश्वास संपूर्ण होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पैशाला ते आपला मानतच नसत. घरात अनाथ मुले येत आणि घरचीच होऊन राहत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तुकारामाने बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. त्यांच्या या सांगण्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण त्या पुलावर आणखी एक व्यक्ती उभी आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती म्हणजे तुकोबांची आवली. महिपतींनी सांगितलेल्या कथांतून ती आपल्याला भेटते. घरात दाणा नाही म्हणून तोंड सोडणारी आणि तरीही भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणारी. परंपरेने तिला कजाग ठरवले. तुकोबांची बाजू अभंगांत आहे, आवलीची बाजू कोठेच नाही.

'स्मृतिचित्रे'त ती बाजू प्रथम बोलते. भक्ताचा भरवसा ज्या बाईला रोज रांधून वाढावा लागला, तिने स्वतः लिहिलेला हा वृत्तांत आहे. टिळकांनी आपला भार देवावर टाकला खरा. पण देवाने तो भार उचलण्यासाठी बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंचेच खांदे वापरले. घरखर्च त्यांनी जमवला, उधारीला तोंड त्यांनी दिले, आजारी मुलांच्या उशाशी त्या बसल्या. पुस्तकात टिळकांच्या औदार्याचा प्रसंग आला, की मागोमाग निस्तरण्याचा प्रसंग येतो. आपण पहिला लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याला विनोद म्हणतो.

मग कृपेवरचा विश्वास म्हणजे एकाने सोडून द्यायचे आणि दुसऱ्याने सावरायचे, एवढेच का? लक्ष्मीबाई असे म्हणत नाहीत, आणि येथे त्या मला टिळकांपेक्षा मोठ्या वाटतात. त्याही विश्वास ठेवतात, पण मोजून. घरात काय आहे हे पाहतात, जपता येईल तेवढे जपतात, आणि तरीही दारात आलेल्या पोराला परत पाठवत नाहीत. टिळकांचा विश्वास हिशेब ओलांडून जातो. लक्ष्मीबाईंचा हिशेब पुरा करून, शिल्लक शून्य आहे हे पाहून, मग हात पुढे करतो. देणाऱ्याला शून्य ठाऊक असताना केलेले हे दान आहे. रोजच्या ख्रिस्ती जीवनात, किंबहुना कोणत्याही श्रद्धावान घरात, कृपेवर विसंबणे बहुधा या दुसऱ्या प्रकारचेच असते. त्याचे अभंग होत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. कालक्रम सैल आहे. चौथ्या भागात लेखणी बदलल्याचे जाणवते. बाप्तिस्म्याच्या वेळी अंतर्यामी काय घडले, याचे सविस्तर वर्णन शोधणाऱ्या धार्मिक वाचकाच्या पदरी थोडी निराशा येते. माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. वियोगाची आणि ओढाताणीची ती वर्षे आठवताना लक्ष्मीबाई फार लवकर हसतात. कित्येक वर्षे उलटल्यावर लिहिताना दुःख निवते हे खरे, पण काही ठिकाणी ते हसू झाकणासारखे वाटते. झाकणाखाली काय होते, ते त्यांनी क्वचितच दाखवले. क्षमा केली म्हणून हिशेब सांगू नये असे थोडेच आहे?

हा आक्षेप घेण्याचा मला कितपत अधिकार आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या शाळेला अनुदान मिळण्यापूर्वीची पाच वर्षे माझ्या पगाराला नियम नव्हता. कधी अर्धा मिळे, कधी मिळतच नसे. सीमाभागातली मराठी शाळा टिकली पाहिजे या ध्यासात मी होतो आणि घरी विचारणा झाली की "देव आहे" असे म्हणून दप्तर उचलत होतो. त्या वर्षांत माझ्या पत्नीने साड्यांना पिको-फॉल करून घर चालवले. समारंभात सत्कार झाला तो माझ्या त्यागाचा. शाल घरी आणली ती तिनेच घडी घालून ठेवली. माझ्या श्रद्धेचे मोल कोणी चुकते केले, हे मला तेव्हा सुचले नाही. त्या मुलीच्या प्रश्नाने सुचले. 'स्मृतिचित्रे' वाचून झाल्यावर मी पत्नीला यातले काही सांगितले. ती एवढेच म्हणाली, "त्यांनी लिहून तरी ठेवलं."

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने पुढे नेले आणि पूर्ण केले. देवाच्या कृपेवर विश्वास म्हणजे काय, असे कोणी मला विचारले तर मी आता टिळकांच्या संन्यासाकडे आधी बोट दाखवणार नाही. मी या पूर्ण झालेल्या काव्याकडे दाखवीन. दुसऱ्याने देवाच्या भरवशावर सोडून दिलेले काम तिने हाती घेतले आणि शेवटास नेले.

ती मुलगी आता दहावी होऊन गेली. पुढल्या वर्षी नववीला तीच पाने वाचून दाखवीन. मुले हसतील, हसूही देईन. मग तिचा प्रश्न मी स्वतःच फळ्यावर लिहीन आणि उत्तर घरी आईला विचारून आणायला सांगेन.