रमाबाईंची अमेरिका

पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) प्रवासवर्णनांच्या कपाटात ठेवण्याची आपली सवय मला चुकीची वाटते. हा मुळात समाज आणि राज्यव्यवस्थेचा अभ्यास आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली. ते दुरून केलेले अभिवादन होते. रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात तिथे राहिल्या, फिरल्या, मग लिहित्या झाल्या. म्हणून लोकसत्तेचे कौतुक करताना त्या वर्णद्वेष आणि स्त्रियांवरील अन्याय झाकत नाहीत.

त्या तिथे असतानाच, डिसेंबर १८८७ मध्ये अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी आपला वार्षिक संदेश आयातशुल्काला वाहिला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कोळंबीसह अनेक भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले. हा अधिकार अध्यक्षांचा की काँग्रेसचा, हा वाद न्यायालयात पोचला. उत्तनच्या कोळीवाड्यांशेजारच्या डोंगरीत ही बातमी मला परकी वाटत नाही.

आज अमेरिकेवर मराठीत लिहिणारा बहुधा भारावतो किंवा चिडतो. रमाबाईंची कसोटी वेगळी: सत्ता कोणाच्या हाती, आणि जिच्या हाती ती नाही तिचे काय?